एसडब्ल्यूआर कधी १.२, कधी ३: अँटेनाची तार कापायच्या आधी हे तपासून घ्या

रेडिओने अँटेनाकडे पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत फिरते ते सांगणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर, १ असेल तर काहीच परत येत नाही. तो सकाळी १.२, रात्री १.९, पाऊस पडून गेला की थेट ३, आणि चार दिवस कडक ऊन पडलं की परत १.२. ही तक्रार घेऊन बसलेले बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर वर चढतात, अँटेनाची तार दोन-चार सेंटिमीटर कापतात नाहीतर गॅमा मॅच (अँटेना केबलशी जुळवायची जोडणी) फिरवतात, आकडा खाली येतो, समाधान होतं, आणि पुढच्या पावसात परत तेच. मग परत कापाकापी, आणि शेवटी अँटेना कुठल्याच फ्रिक्वेन्सीला धड राहत नाही. अहो, तारेची लांबी रात्रीतून बदलत नाही. आकडा बदलतोय म्हणजे बदलणारी गोष्ट दुसरी कुठलीतरी आहे, एकतर लूज कॉन्टॅक्ट, नाहीतर केबलमध्ये शिरलेलं पाणी, नाहीतर तापणारा फेराइट, नाहीतर केबलच्या जाळीवरून बाहेरच्या बाजूने वाहणारा करंट. रिफ्लेक्शन नक्की कुठून येतंय ते कळेपर्यंत अँटेनाला हातच लावायचा नाही, बाकी सगळी पोस्ट ते कसं शोधायचं त्यावर आहे.

आधी आकड्यांची उगाच वाटणारी भीती काढून टाकू. प्रत्येक केबलला स्वतःचा एक इम्पिडन्स (सिग्नलला दिसणारा रोध) असतो, दर मीटरमागे जेवढा इंडक्टन्स त्याला तेवढ्याच लांबीच्या कपॅसिटन्सने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, आपल्या कामाच्या कोॲक्सला (मधली तार आणि तिच्याभोवती तारांची जाळी अशी केबल) तो ५० ओहम येतो आणि टीव्हीच्या केबलला ७५. सिग्नल केबलमधून पळताना त्याला हाच आकडा दिसत असतो, टोकाला पण ५० भेटले तर सगळी पॉवर आत जाते, वेगळं काही भेटलं तर थोडी उलटी फिरते. किती उलटी फिरते? लोडच्या (टोकाला जे जोडलंय त्याच्या) ओहममधून लाइनचे, म्हणजे केबलचे ओहम वजा करायचे आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा टोकाला १०० ओहम आहे, तर ५० भागिले १५०, म्हणजे एक तृतीयांश व्होल्टेज परत येतं, आणि पॉवर वर्गाच्या हिशोबात असल्यामुळे ती ११ टक्केच परत येते. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींवर चढतात, काही जागी व्होल्टेज वाढतं, काही जागी घटतं, आणि ह्या जागा हलत नाहीत म्हणून स्टँडिंग वेव्ह. जास्तीत जास्त व्होल्टेज भागिले कमीत कमी व्होल्टेज म्हणजे तुमचा एसडब्ल्यूआर, वरच्या उदाहरणात तो २ येतो. दोन कमी व्होल्टेजच्या जागांमध्ये अर्धी तरंगलांबी असते, हर्ट्झने १८८८ मध्ये हवेतल्या लाटांच्या अशाच न हलणाऱ्या जागा शोधून तरंगलांबी काढली होती, त्यामुळे हे काही नवीन प्रकरण नाहीये.

आता लक्षात ठेवायचे आकडे. एसडब्ल्यूआर १.५ म्हणजे ४ टक्के पॉवर परत, २ म्हणजे ११ टक्के, ३ म्हणजे २५ टक्के. आणि परत आलेली पॉवर लगेच वाया गेली असंही नाही, ट्यूनर (रेडिओला ५० ओहम दाखवणारा जुळवणीचा डबा) असेल तर ती तिथून परत अँटेनाकडे वळते, नुकसान होतं ते केबलमधून जास्तीच्या फेऱ्या मारताना. केबलचा स्वतःचा लॉस १ डीबी (डेसिबल, ३ डीबी म्हणजे पॉवर निम्मी) असेल आणि अँटेनाजवळ एसडब्ल्यूआर ३ असेल तर जास्तीचं नुकसान फक्त अर्ध्या डीबीच्या आसपास, समोरच्याला फरक कळणार पण नाही. खरी अडचण ट्रान्झिस्टरवाल्या रेडिओची, तो साधारण २ च्या वर गेलं की स्वतःला वाचवायला पॉवर कमी करायला लागतो. म्हणून १.७ बघून घाबरू नका, पण गेल्या महिन्यात १.२ होता आणि आज १.७ आहे तर मात्र कान टवकारा. किती आहे यापेक्षा किती बदलला हे जास्त महत्त्वाचं.

शोध नेहमी रेडिओच्या बाजूने सुरू करायचा, कारण तिथे वर चढावं लागत नाही. एसडब्ल्यूआर मीटरच्या आउटपुटला थेट ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी पॉवर खाऊन टाकणारा रेझिस्टर) लावा, १.१ च्या आतबाहेर यायला हवं. नाही आलं तर मीटर, रेडिओ आणि मीटरमधली छोटी पॅच केबल, नाहीतर डमी लोडच गंडलाय, आणि विश्वास ठेवा, ती छोटी अर्धा मीटरची पॅच केबल जितक्या वेळा चोर निघते तितकं दुसरं काही निघत नाही, कारण तिला दिवसातून दहा वेळा वाकवलं, ओढलं, काढलं-घातलं जातं. मीटरकडे बघत बघत ती हळूच हलवा, कनेक्टरच्या मुळाशी वाकवा. काटा उडाला की सापडलं. डमी लोड घरी बनवलेला असेल तर त्यात वायरवाउंड रेझिस्टर नको, तो आतून कॉइलच असतो, मल्टीमीटरवर ५० दाखवेल आणि आरएफला (रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला) काहीतरी भलतंच.

हे पास झालं की तोच डमी लोड केबलच्या लांबच्या टोकाला, म्हणजे अँटेना काढून तिच्या जागी लावायचा. इथे एकदा चढावं लागतंच, चढताना रेडिओची पॉवर बंद आणि माइक कुणाच्या हाताला लागणार नाही असा, आणि आजूबाजूला विजेच्या तारा असतील तर विषयच सोडा. आता खालून मोजा. १.१-१.२ आला तर केबल बहुतेक ठीक, गडबड अँटेनात नाहीतर बालूनमध्ये (केबल आणि अँटेना यांच्यामधला फेराइटवर गुंडाळलेला जुळवणीचा भाग). १.५ किंवा जास्त आला तर केबल किंवा तिचे कनेक्टर. एवढ्या एका टेस्टने अर्धी शंका मिटते, आणि नेमकी हीच टेस्ट लोक टाळतात कारण चढायचा कंटाळा, पण तार कापायला मात्र चढतात!

"बहुतेक ठीक" असं म्हटलं त्याला कारण आहे. लॉस वाढलेली केबल एसडब्ल्यूआर छान दाखवते, आणि हा ह्या सगळ्या प्रकारातला सगळ्यात फसवा भाग आहे. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबल १०० मीटरला जवळपास २० डीबी खाते, म्हणजे ३० मीटरला ६ डीबी. आता वरचा अँटेना पूर्ण तुटून पडलाय असं धरा, टोक उघडं, १०० टक्के रिफ्लेक्शन. सिग्नल जाताना ६ डीबी कमी झाला, येताना अजून ६, खाली पोचेपर्यंत १२ डीबी खाली, त्याचा एसडब्ल्यूआर काढला तर १.७ येतो. अँटेनाच नाही आणि मीटर म्हणतोय १.७! म्हणून केबल जुनी होत गेली की एसडब्ल्यूआर "सुधारत" जातो आणि माणूस खूश होतो, फक्त समोरचे म्हणायला लागतात की तुमचा सिग्नल कमी येतोय. ह्याची तपासणी सोपी आहे, अ‍ॅनालायझर (अगदी कमी पॉवरचा सिग्नल सोडून रिफ्लेक्शन मोजणारं यंत्र) लावून लांबचं टोक उघडं ठेवा आणि रिटर्न लॉस बघा, म्हणजे परत आलेला सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती डीबी कमी आहे ते, त्याचं अर्धं म्हणजे केबलचा एका फेरीचा लॉस. टोक शॉर्ट करून परत एकदा बघा आणि दोघांची सरासरी घ्या. ८ डीबी दिसला तर केबल ४ डीबी खातेय, मग त्या जातीची केबल त्या लांबीला किती खायला हवी हे तिच्या डेटाशीटवरून ताडून बघा, दीडपट-दुप्पट असेल तर केबल संपली. हे अ‍ॅनालायझरनेच करायचं बरं का, उघड्या टोकावर रेडिओने पॉवर फेकायची नाही. अ‍ॅनालायझर नसेल तर लांबच्या टोकाला वॉटमीटर आणि डमी लोड लावा, इकडून १० वॉट सोडा, तिकडे ५ पोचले तर ३ डीबी.

आता पाण्याबद्दल, कारण "पावसात वाढतो" ह्या तक्रारीत नव्वद टक्के वेळा शेवटी पाणीच निघतं असं माझं मत आहे. पॉलिइथिलीनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट २.३ च्या आसपास आणि पाण्याचा ८० च्या आसपास, त्यामुळे केबलमध्ये पाणी शिरलं की त्या जागी कपॅसिटन्स वाढतो, इम्पिडन्स ५० वरून खाली येतो आणि लॉस वाढतो, म्हणजे रिफ्लेक्शन पण आणि गळती पण. ते शिरतं कुठून तर वरच्या कनेक्टरमधून, आणि आपल्या नेहमीच्या पीएल-२५९ कनेक्टरला पाणी अडवायची काही सोयच नाही, टेप लावली तरच. एकदा जाळीला पाणी लागलं की ती जाळी दिव्याच्या वातीसारखी ते आत ओढत नेते, वरच्या टोकाला शिरलेलं पाणी कित्येक मीटर खाली सापडतं. केबल संशयित असेल तर वरच्या कनेक्टरपासून एक हात अंतरावर बाहेरचं काळं आवरण ब्लेडने उभं चिरून बघा. चांगली जाळी ताज्या तांब्यासारखी लालसर नाहीतर टिनची चंदेरी चमकते, खराब जाळी काळपट-तपकिरी, काही जागी हिरवी पूड आलेली, बोटाने चोळली की बोट काळं होतं आणि बारीक तारा काडकन मोडतात. अशी दिसली तर अजून एक हात खाली चिरा. जिथे चमक परत दिसेल तिथून पुढची केबल वापरता येईल असं वाटतं खरं, पण फोमवाली केबल असेल तर मी ती सरळ बदलतो, फोममध्ये गेलेलं पाणी वाळवून निघत नाही. ऊन पडल्यावर आकडा सुधारला म्हणून केबल बरी झाली असं धरू नका, गंजलेली जाळी तशीच राहते.

कनेक्टरचं पण बघून घ्या. पीएल-२५९ ला जाळी सोल्डर करायला चार भोकं असतात, त्यातून जाळीवर सोल्डर नीट वाहिलेलं दिसायला हवं, नुसतं वर गोळा बसलेला असेल तर तो ड्राय सोल्डर, आज चालेल, उन्हाने तापला की सुटेल, रात्री थंड झाला की परत चिकटेल. मधली पिन पण बघा, तिच्या टोकाला सोल्डर आत गेलेलं दिसतं का. समोरच्या सॉकेटमधल्या पाकळ्या फाकल्या असतील तर पिन आत नुसती डुलते, सुईने हळूच आत दाबून घ्यायच्या.

पुढची टेस्ट माझी आवडती, खर्च काहीच नाही आणि कळतं खूप. चांगल्या ५० ओहम केबलवर कुठेही मोजलं तरी एसडब्ल्यूआर तोच राहायला हवा, लॉसमुळे किंचित फरक पडेल तेवढाच. म्हणून मीटर आणि मेन केबलच्या मध्ये ५० ओहमचा जास्तीचा तुकडा घाला आणि परत मोजा. तुकडा पाव तरंगलांबीच्या आसपास हवा, आरजी-५८ ला लाटेचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट असतो म्हणून १४५ मेगाहर्ट्झला ३४ सेंटिमीटर पुरतो, पण ७ मेगाहर्ट्झला तोच तुकडा ७ मीटर लागतो, तिथे हातभर तुकडा घालून काही फरक नाही पडला म्हणणं म्हणजे टेस्ट केलीच नाही. आकडा जागचा हलला नाही तर छान. १.४ चा २.२ झाला तर तीन शक्यता, मीटर खोटं बोलतोय, केबल ५० ओहमची नाहीये, नाहीतर केबलच्या बाहेरून करंट वाहतोय.

केबल ५० ची नसण्याचं उदाहरण म्हणजे टीव्हीची ७५ ओहम केबल वापरणं. वापरू नये असं नाही, पण पाव तरंगलांबी केबल इम्पिडन्स उलटा करते, ७५ चा वर्ग भागिले ५० म्हणजे ११२.५ ओहम, वर अँटेना अगदी बरोबर ५० चा असून खाली २.२५ दिसतो. त्याच केबलची लांबी अर्धी तरंगलांबी केली की परत १. म्हणजे "केबल थोडी कापली आणि एसडब्ल्यूआर सुधारला" ह्या गोष्टीत अँटेना सुधारलेला नसतो, फक्त मोजायची जागा बदलली.

बाहेरच्या करंटचं प्रकरण जरा समजून घ्या, कारण कोरड्या हवेत पण आकडा नाचत असेल तर संशय ह्याच्यावर. कोॲक्सच्या आत करंट मधल्या तारेवर आणि जाळीच्या आतल्या बाजूवर असतो, जाळीची बाहेरची बाजू आरएफच्या हिशोबाने वेगळीच तार आहे. डायपोलला (दोन हातांचा तारेचा अँटेना) कोॲक्स सरळ जोडली, बालून नाही, की जाळीपर्यंत आलेल्या करंटला दोन रस्ते दिसतात, एक डायपोलचा दुसरा हात आणि एक केबलची बाहेरची बाजू. मग केबल पण अँटेनाचा भाग होते, आणि केबल भिंतीजवळ सरकली, वाऱ्याने हलली, कुणी हात लावला, घरात कॉम्प्युटरची यूएसबी लावली, की अँटेनाच बदलला. ओळखायची खूण सोपी, कमी पॉवरवर ट्रान्समिट करून केबल मुठीत धरा आणि मूठ वर-खाली सरकवा, मीटर हलला तर बाहेरून करंट आहे. माइक ओठांना चावतो, स्पीकरमधून स्वतःचाच फाटका आवाज येतो, कॉम्प्युटरचा माउस हँग होतो, ही पण तीच लक्षणं. उपाय चोक, म्हणजे बाहेरचा करंट अडवणारा फेराइट, आणि तो अँटेनाच्या फीडपॉइंटला, जिथे केबल अँटेनाला जोडते तिथे. एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झ) एफटी२४०-३१ ह्या फेराइट रिंगवर पातळ कोॲक्सचे दहा-बारा वेढे, व्हीएचएफला (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) केबलवर चार-पाच क्लिप-ऑन फेराइट ओळीने. एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेली तार) वाल्यांनी तर हे वाचायलाच हवं, ४९ला १ चा ट्रान्सफॉर्मर लावून काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठीची तार) नाही दिला की केबलची जाळीच काउंटरपॉइज होते, मग केबल कुठून गेलीये त्यावर तुमचा एसडब्ल्यूआर ठरणार. तिथे चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटवून लावू नका, थोडं अंतर ठेवून लावा नाहीतर काउंटरपॉइजची वेगळी तार द्या.

नॅनोव्हीएनए (खिशात मावणारा अ‍ॅनालायझर) हाताशी असेल तर एका आकड्यावर थांबू नका, फ्रिक्वेन्सीनुसार एसडब्ल्यूआरची पूर्ण वक्ररेषा बघा, तिच्या आकारातच उत्तर असतं. जोडायच्या आधी केबलची मधली पिन जाळीला टेकवून स्टॅटिक काढून टाका, कोरड्या वाऱ्यात लांब तारेवर साठलेला चार्ज ह्या नाजूक यंत्राचा पुढचा भाग क्षणात उडवू शकतो. कॅलिब्रेशन ओपन-शॉर्ट-लोडने, आणि फ्रिक्वेन्सीची रेंज बदलली की परत. आता चांगल्या दिवसाची वक्ररेषा आणि वाईट दिवसाची शेजारी ठेवा. खड्डा तेवढाच खोल आहे पण फ्रिक्वेन्सीत खाली सरकलाय, तर तारेच्या टोकाला काहीतरी टेकतंय, ओली फांदी, ओली दोरी, डायपोलच्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं म्हणून तिथला थोडासा कपॅसिटन्स पण खूप बोलतो. इथे केबलचा काही दोष नाही, फांदी छाटा. खड्डा जागेवरच आहे पण उथळ झालाय आणि बाजूच्या भिंती पण खाली बसल्यात, सगळीच रेषा सपाट आणि रुंद, तर लॉस वाढलाय, पाणी नाहीतर गंज. आणि रेषेवर एकसारख्या लाटा उमटल्यात, कंगव्यासारख्या, तर दोन जागांहून रिफ्लेक्शन येतंय आणि ती दोन एकमेकांत मिसळतायत.

ह्या लाटांवरून अंतर पण काढता येतं, टीडीआर (परत आलेल्या सिग्नलच्या वेळेवरून दोषाचं अंतर दाखवणारी पद्धत) न वापरता. दोन शेजारच्या खड्ड्यांमधलं फ्रिक्वेन्सीचं अंतर घ्या, त्याच्या दुपटीने केबलमधल्या वेगाला भागा. आरजी-५८ मध्ये वेग साधारण १९८ मीटर दर मायक्रोसेकंद, लाटा दर ५ मेगाहर्ट्झला येत असतील तर १९८ भागिले १०, म्हणजे १९.८ मीटर. तुमच्या केबलला २० मीटरवर मध्येच जॉइंट मारलेला असेल तर तोच बघा.

टीडीआर मोडमध्ये हेच यंत्र स्वतः करून दाखवतं, पण दोन सेटिंग चुकल्या की काहीच कळत नाही. एक, व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला वेग प्रकाशाच्या किती पट), भरीव पॉलिइथिलीनला ०.६६, फोमला ०.८ च्या वर, चुकीचा टाकला की दोष २० ऐवजी २५ मीटरवर दिसतो आणि तुम्ही चांगली केबल चिरत बसता. दुसरं, फ्रिक्वेन्सीची रेंज. सगळे हौसेने ९०० मेगाहर्ट्झपर्यंत स्वीप लावतात, १०१ पॉइंट असतील तर आरजी-५८ वर तेवढ्यात जेमतेम ११ मीटरपर्यंतच धड दिसतं, त्यापलीकडचं गुंडाळून परत सुरुवातीला येतं. ३० मीटरची केबल असेल तर रेंज ३०० मेगाहर्ट्झवर आणा, बारकावा थोडा कमी होतो, साधारण ३०-३५ सेंटिमीटर, पण पूर्ण केबल दिसते. मग रेषा वाचा. ५० वर सपाट म्हणजे ठीक, कनेक्टरवर छोटा उंचवटा येणारच, तो सोडून द्या. खाली खोलगट भाग म्हणजे इम्पिडन्स घटलाय, पाणी किंवा केबल चेपली गेलीये, खिडकीच्या फटीतून दाबून नेलेल्या केबलचा असा खड्डा अगदी स्पष्ट दिसतो. वर उसळी म्हणजे जाळी सुटलीये किंवा तार तुटतेय. एकाने केबल हलवायची आणि दुसऱ्याने स्क्रीनकडे बघायचं, जो उंचवटा नाचतो तो गुन्हेगार.

एक प्रकार मात्र व्हीएनएवर कधीच सापडत नाही. कमी पॉवरवर सगळं छान, ५० वॉटवर दोन मिनिटं बोललं की एसडब्ल्यूआर चढायला लागतो, थोडं थांबलं की परत ठीक. व्हीएनएचा सिग्नल मिलिवॉटपेक्षा पण कमी, त्याने काही तापत नाही. इथे बालूनचा फेराइट बघा, नेहमीच्या ३१ आणि ४३ मिक्सचा क्युरी पॉइंट १३० अंश सेल्सिअसच्या जरा वर असतो, त्या पलीकडे गेला की फेराइट चुंबकासारखा वागायचा थांबतो, थंड झाला की परत ताळ्यावर. एसएसबीवर (ज्यात बोलताना तेवढीच पॉवर जाते) न दिसणारा हा दोष एफएम किंवा डिजिटल मोडवर लगेच दिसतो कारण तिथे कॅरियर सलग चालू असतो. ट्रॅप अँटेनाचे ट्रॅप (तारेत मध्येच बसवलेली कॉइल-कपॅसिटरची जोडी) आणि गॅमा मॅचचा कपॅसिटर पण ह्याच यादीत, कपॅसिटरमध्ये ओल आणि धूळ गेली की ठिणगी पडते, आकडा हळूहळू न चढता एकदम उडी मारतो. शोधायचा उपाय, २० वॉटवर पाच मिनिटं सलग कॅरियर, मग ट्रान्समिशन पूर्ण बंद करून, रेडिओची वायर काढून, मग हात लावून बघा काय गरम आहे. चालू असताना हात लावलात तर आरएफने भाजतं, आणि ती जखम खोल जाते.

मल्टीमीटरचं पण सांगून ठेवतो. अँटेना जोडलेला असताना केबलच्या पिन आणि जाळीमध्ये शॉर्ट दिसला म्हणून लगेच केबल बदलू नका, फोल्डेड डायपोल आणि बऱ्याच मॅचिंग पद्धती डीसीला शॉर्टच असतात, त्या तशाच बनवतात. अँटेना काढून मोजा, टोक उघडं असताना मीटरने काहीच दाखवायला नको, काही मेगाओहम जरी दाखवले तरी ओल आहे. टोक शॉर्ट केल्यावर ३० मीटर आरजी-५८ ला एक-दोन ओहम, जास्त आले किंवा केबल हलवताना आकडा फिरला तर जाळी नाहीतर पिन सुटलीये.

आणि ट्यूनर. रेडिओजवळ लावलेला ट्यूनर फक्त रेडिओला ५० ओहम दाखवतो, त्याच्या पुढच्या केबलवर जो एसडब्ल्यूआर आहे तो तसाच राहतो. बदलत्या एसडब्ल्यूआरवर ट्यूनर लावणं म्हणजे दोष झाकणं, आत पाणी भरतच राहणार आणि ऑटो ट्यूनर इमानदारीने दर वेळी नवीन मॅच शोधून देणार, तुम्हाला कळणार पण नाही.

हेच दुखणं डेटाच्या लाइनवर पण येतं, आरएस-४८५ किंवा कॅन बसवर मधूनच पॅकेट गळतात, केबल लांब केली की जास्त गळतात, तिथे पण रिफ्लेक्शनच. पॉवर बंद करून दोन तारांमध्ये ओहम मोजा, दोन्ही टोकांना १२० चे रेझिस्टर असतील तर ६० च्या आसपास यायला हवा, १२० आला तर एक टोक उघडं, ४० आला तर कुणीतरी मध्येच तिसरा लावून ठेवलाय.

दोष सापडून नवीन कनेक्टर लावला की तो बंद कसा करायचा ते शेवटचं. आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळत, म्हणजे वरचा प्रत्येक वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी कौलावरून ओघळावं तसं बाहेरून जातं, मग तिच्यावर काळी पीव्हीसी टेप, कारण रबरी टेपला ऊन सोसत नाही. पीव्हीसीचा शेवटचा वेढा न ताणता लावायचा, ताणला की महिन्यात सुटतो. घरात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथेच टपकून जाईल. मग त्याच दिवशी कोरड्या हवेत तीन वक्ररेषा सेव्ह करून ठेवा, डमी लोड लांबच्या टोकाला, टोक उघडं, आणि अँटेना जोडलेला, फाइलच्या नावात तारीख आणि केबलची लांबी टाका. पुढच्या वेळी आकडा हलला तर आधी अँटेना जोडलेल्या रेषेशी ताडून बघा, खड्डा सरकलाय की उथळ झालाय ते खालीच बसून कळतं, आणि वर चढायचंच ठरलं तर सोबत करवत घेऊन जायचं की सोल्डरिंग गन ते पण.